गुलाबी बोंडअळी : नर-मादीच्या मीलनात अडथळा आणणारे गंध तंत्र

देशातील पहिली बीटी कपाशी २००२ मध्ये आली, ती जालन्याच्या महिकोची. २०१७ च्या हंगामात मात्र बीजी-२ वाणांचीही बोंडे गुलाबी अळीने पोखरली. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आता पतंगावरच लक्ष द्यावे लागते.

मादी पतंग नराला बोलावण्यासाठी गंध सोडते. कामगंध सापळ्यातील गोळीत हाच गंध, म्हणजे गॉसिप्ल्युर, कृत्रिमरीत्या तयार करून भरलेला असतो. नव्या तंत्रात तो गंध असलेल्या दोऱ्या पात्या लागताना शेतभर झाडांना बांधतात. सगळीकडे तोच वास असल्याने नराला मादी सापडत नाही. मीलन होत नाही, मग अळीही नाही.

पण हे एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडत येऊन तुमच्या कपाशीवर अंडी घालते. दोन एकरांपुरत्या दोऱ्या घेणार असाल, तर माझ्या मते ते पैसे वाचवा. सलग शिवारातील शेतकरी एकत्र येत असतील तरच खर्च करा.

आणखी एक. दोऱ्या बांधलेल्या शेतात सापळे रिकामेच राहतात, कारण नराला सापळाही सापडत नाही. त्यावर विसंबू नका. डोमकळ्या शोधा, आठवड्याला एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहा. दोन बोंडांत अळी दिसली, तर शिफारशीची फवारणी लगेच करा.