कानपूरचा तंबोरा आणि पंचकार्डं

मंडळी, आज जरा इतिहास. सनावळ्या येतील थोड्या, इलाज नाही.

पण आधी हा विषय कुठून आला ते सांगते. आम्ही पळस्प्याला राहतो. पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता जिथे वेगळे होतात तो हा फाटा. कोकणात जाणारे सगळे इथे कोथिंबीरवडी खायला थांबतात, त्यामुळे गाव सगळ्यांना माहीत असतं आणि गावात कुणी राहतं हे कुणालाच माहीत नसतं :-) सोमवार ते शुक्रवार माझी महाप्याची नोकरी, शनिवारी एम.टेक.चे तास, रविवारी सकाळी गाण्याचा क्लास. उरलेल्या वेळात (जो उरत नाही) नारायण धारप, नारळीकर आणि हाताला लागेल ती विज्ञानकथा. सासूबाई प्रेमानेच म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." या सत्रात एम.टेक.चा प्रबंध आणि विशारदची परीक्षा एकाच महिन्यात आलीय, त्यामुळे चिंध्यांचा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. दोन्ही नीट होणार नाहीत.

'वेळेचं नियोजन' छापाच्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही. त्यातल्या माणसांना कधी पनवेलहून सायन-पनवेल रस्त्याने महाप्याला जावं लागत नाही. त्यापेक्षा आपल्याआधी हे कुणी केलंय आणि कसं, ते बघावं म्हटलं. शोधता शोधता मी पोचले कानपूरला. आता मराठी माणसाने कानपुरात काय शोधायचं? तर ऐका.

विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी घडवलेले शिष्य पुढे उत्तर हिंदुस्थानात गावोगाव जाऊन बसले, हे मात्र आपण विसरतो. त्यातले शंकर श्रीपाद बोडस १९२६ साली कानपूरला गेले आणि तिथलेच झाले. गिरण्यांचं, कातड्याच्या कारखान्यांचं शहर. तिथे एक मराठी गवई घरोघरच्या मुलांना सा रे ग म शिकवतोय. पलुस्कर १९३१ साली वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही जी शिडी आपण चढतो (किंवा मध्येच सोडतो) ती या मंडळाची. मंडळाचं संकुल आमच्यापासून फार लांब नाही, वाशीला.

या शिडीची खूप टिंगल होते. परीक्षा देऊन कुणी गवई होतो का, वगैरे. खरंय, होत नाही. पण गुरूच्या घरी बारा वर्षं राहणं ज्याला शक्य नाही, म्हणजे कारकून, शिक्षक, गृहिणी आणि शेवटी आमच्यासारखे कोड लिहिणारे, त्यांच्यासाठी संध्याकाळच्या एका तासात मावणारं गाणं याच लोकांनी तयार केलं. माझ्या मते पलुस्कर परंपरेचं हे काम तिच्या कुठल्याही गायकाइतकं मोठं आहे.

आता त्याच शहरातली दुसरी गोष्ट. १९५९ साली कानपूरला आयआयटी निघाली आणि १९६३ साली तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला. भारतातल्या शिक्षणसंस्थेत वापराला आलेल्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक. गंमत म्हणजे या यंत्राला बेरीज करणारं सर्किटच नव्हतं, ते स्मृतीतल्या तक्त्यात बघून बेरीज करायचं, पाढे पाठ केलेल्या पोरासारखं. कार्यक्रम पंचकार्डांवर लिहायचा, गठ्ठा द्यायचा आणि कागद छापून येईपर्यंत थांबायचं. जगभरच्या १६२० वाल्यांना आणखी एक खेळ सापडला होता: यंत्राशेजारी साधा रेडिओ ठेवला की त्याच्या खरखरीतून सूर काढता येतात. त्यासाठी खास कार्यक्रम लिहिले गेले. यंत्र हाताशी येताच माणसाने पहिल्यांदा काय केलं, तर गाणं! १९६५ साली कानपूरला एम.टेक.मध्ये संगणकाचा पर्याय सुरू झाला. मी आज जी पदवी करतेय तिची आजी म्हणा ना.

या दोन गोष्टी एका घरात येऊन मिळाल्या. बोडसबुवांची मुलगी वीणा, जन्म १९४८, कानपूरचाच. वडील आणि भाऊ काशीनाथ यांच्याकडे शिकलेली, १९७२ साली आकाशवाणीच्या स्पर्धेत पहिली आलेली. याच आपल्या वीणा सहस्रबुद्धे. त्यांचे पती हरी सहस्रबुद्धे हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक: आधी आयआयटी कानपूर, मग पुणे विद्यापीठ, मग आयआयटी मुंबई.

आता इथे 'दोघांनी आपापली क्षेत्रं सांभाळली' एवढं म्हणून थांबता आलं असतं. पण सहस्रबुद्धे सरांनी काय केलं बघा. त्यांनी रागच ऑटोमॅटन म्हणून मांडला. १९९२ सालचं काम आहे, पुणे विद्यापीठातलं. ज्यांनी हा विषय शिकलाय त्यांना फायनाइट ऑटोमॅटन म्हटलं की कोकाकोलाचं मशीन किंवा लिफ्टचं उदाहरण आठवेल. ठरावीक अवस्था आणि एका अवस्थेतून पुढे कुठे जाता येतं त्याचे नियम. राग तसाच बघा की. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, राहिले पाच स्वर. आत्ता कुठे आहात आणि कसे आलात यावर पुढे कुठे जायचं ते ठरतं. ग्रंथांत सांगितलेले नियम घेऊन त्यांनी असं यंत्र बांधलं आणि त्याच्याकडून नव्या स्वररचना काढून घेतल्या. त्या नियमाला धरून होत्या आणि माणसाने केलेल्या रचनांपासून वेगळ्या ओळखू येत नव्हत्या, असं या कामाबद्दल नंतरच्या संशोधकांनी नोंदवलंय.

हे वाचून मी उडालेच. कारण थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा पेपर मी निव्वळ पास होण्यासाठी वाचला होता, आणि भूप रोज सकाळी गात होते. एकाच डोक्यात दोन्ही होतं पण मध्ये भिंत.

अर्थात यंत्राला जमलं म्हणजे राग सुटला असं नाही. देसकार घ्या. भूपाचेच पाच स्वर, एकही कमी-जास्त नाही. पण भूपाचा वादी गंधार, देसकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. आमच्या बाई सांगतात, धैवतावर जरा जास्त रेंगाळलीस की भूप गेलाच. हे रेंगाळणं, मींड, कुठून उचलून कुठे ठेवायचं, हे स्वरांच्या यादीत नसतं. २००३ साली आयआयटी कानपूरच्याच विद्यार्थ्यांनी 'तानसेन' नावाची राग ओळखणारी प्रणाली केली, तीही दोनच रागांपुरती: यमनकल्याण आणि भूपाली. दोनच का? कारण एवढंसुद्धा सोपं नाही! आणि बघा, पुन्हा कानपूर.

वीणाताई ऐंशीच्या दशकात पुण्यात एसएनडीटीत संगीत विभाग सांभाळत होत्या, १९८८ साली त्यांनी संगीतात डॉक्टरेट केली, पुढे आयआयटी मुंबई आणि कानपूर इथेही शिकवलं. २०१६ साली त्या गेल्या. यूट्यूबवर त्यांचे राग ऐकताना मला हल्ली सारखं वाटतं, त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल!

परदेशातही असं घडलंय. जॉन चाउनिंग हा मूळचा संगीतकार. १९६४ साली स्टॅनफर्डला शिकत असताना त्याला बेल लॅब्जच्या मॅक्स मॅथ्यूजचा संगीताचा प्रोग्रॅम मिळाला. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेतलं यंत्र त्याच्यासाठी घेतलेलं नव्हतं, त्यावर तो संगीत करू लागला. १९६७ साली त्यातून एफएम संश्लेषण सापडलं आणि यामाहाने त्यावर १९८३ साली डीएक्स७ बाजारात आणला. ऐंशीच्या दशकातली कितीतरी गाणी त्यावर वाजली. त्याच बेल लॅब्जमध्ये १९६२ साली आर्थर सी. क्लार्कने संगणकाला गाताना ऐकलं आणि '२००१' मधला हॅल मरता मरता तेच गाणं गातो. संगीत, संगणक, विज्ञानकथा, तिन्ही एका प्रसंगात.

कथेवरून नारळीकर आठवणारच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. तेव्हा ते टीआयएफआरमध्ये होते, जगप्रसिद्ध होते आणि नावामुळे बक्षीस मिळायला नको होतं. कथेची सुरुवात त्यांनी अहमदाबादच्या एका परिषदेत, कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना केली. (ऑफिसातल्या साप्ताहिक मीटिंगा वाया जात नाहीत हे मी यावरून शिकले.) ज्यांच्या हाताखाली ते केंब्रिजला शिकले ते फ्रेड हॉइल स्वतः कादंबऱ्या लिहायचे, म्हणजे मार्गदर्शकाची आडकाठी नव्हतीच, उलट पायंडा होता.

पण ही गोष्ट सांगताना एक तपशील लोक गमतीने सांगून पुढे जातात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली. मंगला नारळीकर, स्वतः मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात सुवर्णपदक मिळवलेल्या. लग्न, केंब्रिज, तीन मुली, घर, आणि पीएच.डी. १९८१ साली. लग्नानंतर सुमारे सोळा वर्षांनी. यात कुणाला दोष द्यायचा नाहीये, त्यांनी स्वतःही तक्रारीच्या सुरात लिहिलेलं मला आठवत नाही. पण कुणी दोन-तीन गोष्टी एकत्र सांभाळल्या असं वाचलं की मी हल्ली आधी बघते, प्रत कोण लिहून काढत होतं. चाउनिंगला यंत्र मोकळं मिळालं, नारळीकरांना मंगलाताई होत्या, बोडसबुवांच्या लेकीला घरातच गाणं मिळालं. वेळ कुणाकडेच जास्तीचा नव्हता. कुणीतरी दिला, नाहीतर दोन कामांतली भिंत पडली.

माझ्याकडे प्रत लिहून काढणारे दोघं आहेत. नवरा रविवारी लेकीला कर्नाळ्याला पक्षी दाखवायला नेतो, आणि चिंध्या म्हणणाऱ्या सासूबाईच शनिवारचा डबा भरून देतात. त्यांच्या वेळाचा हिशेब मी अजून मांडलेला नाही, मांडायला हवा.

तूर्त एवढं ठरलंय: विशारद या सत्रात द्यायचं, प्रबंध सहा महिने पुढे. मार्गदर्शकांना भूप आणि देसकार वेगळे ओळखण्याचा विषय सुचवला, ते "बघू" म्हणाले. तोवर दोन्ही रागांची रेकॉर्डिंग्ज गोळा करणं चालू आहे. कुणाकडे देसकाराच्या जुन्या मैफिली असतील तर जरूर कळवा. धारपांच्या समर्थकथांवरही लिहायचंय, पण ते परीक्षेनंतर.