दप्तर कोणाचं?

पेणचं आमचं घर खारेपाटातल्या कुळाचं. आजोळ रोह्याचं, आईचे आजोबा तिथे एका खोताकडे कारकून होते. एका घराने कागद लिहिले, दुसऱ्याने तसल्याच कागदांवर अंगठे उठवले. गेल्या पावसाळ्यात आजोळचा माळा गळू लागला, तेव्हा मामाने तिथली पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. "स्कॅन कर, पण गावभर दाखवू नकोस."

मामाच्याच घरी जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं आणि पेपरलेस-एनजीएक्स हा सर्व्हर बसवला. डॉकरमुळे तो तासाभरात उभा राहिला. वेळ खाल्ला पुढच्या जुळणीने. अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट तिथे इंग्रजी गृहीत धरून बसतं. सेटिंगमध्ये मराठी भरल्यावर छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचली गेली, मोडीपुढे मात्र त्याने हात टेकले. मजकुरात तारीख सापडली नाही की तो फाइलची तारीख लावतो. त्यामुळे शके १८५० च्या आसपासच्या कबुलायती परवाच्या म्हणून नोंदल्या गेल्या! शकात ७८ मिळवत एकेक हाताने सुधारली. कागदांवर जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं. दोन्ही टॅग लावले, नाहीतर शोधणाऱ्याच्या हाती अर्धंच लागलं असतं.

मग आलं परवानग्यांचं पान. कोणी पाहायचं, कोणी बदलायचं. इथे मी दोन रात्री अडलो.

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. पुण्याचं पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर अभ्यासकांना कित्येक दशकं जवळजवळ बंदच होतं. गो. स. सरदेसाईंनी त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले ते १९३० नंतर. तिथे अडवणारं निदान सरकार होतं. खोतीत कबुलायत कुळाने लिहून द्यायची आणि ती राहायची खोताच्या दप्तरात. पावती मिळाली तर मिळाली. कुळ कोर्टात गेलं तर पुरावा समोरच्याच्या फडताळात.

२७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचं ठरवलं. संप सुमारे सहा वर्षं चालला. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. संपाची गोष्ट निघाली की उपासमार आठवते, पडीक शेतं आठवतात. कागदाचं कोणी बोलत नाही. मला तर लढाईचा निम्मा भाग तोच वाटतो.

स्कॅनिंगला पेणचा चुलतभाऊ आला होता. एका अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आपल्या आजोबांचा असा कागद कुणाच्या ट्रंकेत असेल रे?"

रात्री मामाला विचारलं, "ज्यांचे अंगठे आहेत त्यांच्या घरच्यांना पाहू देऊ?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाहू दे. प्रतही दे. पण मूळ कागद या घरातून हलणार नाही."

सर्व्हरमध्ये 'कुळं' नावाचा गट केला. पाहण्याचा हक्क दिला, बदलण्याचा नाही.

तिसऱ्या रविवारी शेजारच्या गावातले दोघे आले. त्यांना मोडी येत नव्हती, मी अडखळत वाचून दाखवलं. जाताना दोन कागद छापून घेतले. मामाने चहा ठेवला होता.