लिनक्स आणि टचस्क्रीन: एका कॉन्फिगरेशन फाइलचा इतिहास

'विंडोज एक्सपी टॅब्लेट पीसी एडिशन' या प्रणालीसह २००२ मध्ये जे लॅपटॉप बाजारात आले, त्यांतील अनेकांचा पडदा बोटाला दाद देत नसे. वॅकॉम कंपनीच्या विद्युतचुंबकीय तंत्रावर चालणारी खास लेखणी तेवढी त्याला कळे आणि तिच्याकडून येणारी माहिती बऱ्याचदा आतल्या सिरियल पोर्टवाटे संगणकात पोहोचे. अशा यंत्रावर लिनक्स बसवणाऱ्याला 'एक्स विंडो सिस्टीम'ची, म्हणजे खिडक्या, चित्रे आणि पॉइंटर सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, कॉन्फिगरेशन फाइल उघडून तीत उपकरणाचा स्वतंत्र विभाग लिहावा लागे. उपकरण कोणत्या पोर्टवर आहे आणि पडद्याच्या कडांना कोणते किमान व कमाल आकडे येतात, हे सारे वापरणाऱ्यानेच मोजून नोंदवायचे असे. यंत्राविषयीची ही माहिती वापरणाऱ्याच्या फाइलमधून निघून प्रणालीच्या गाभ्यात कशी गेली, हाच लिनक्सवरील टचस्क्रीनच्या इतिहासाचा खरा धागा आहे.

गाभ्यात, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसणाऱ्या कर्नेलमध्ये, कीबोर्ड-माउसच्या घटना एकाच साच्यात पोहोचवणारा 'इनपुट' थर तोवर तयार होता. मात्र त्या साच्यात एका उपकरणाला एका क्षणी एकच क्षितिजसमांतर आणि एकच उभे स्थान सांगता येई, त्यामुळे पडद्यावर दोन बोटे टेकली की हा साचा अपुरा पडे. २००८ च्या अखेरीस आलेल्या एचपीच्या 'टचस्मार्ट टीएक्स२' सारख्या लॅपटॉपांत एन-ट्रिग कंपनीचे बहुस्पर्शी पडदे होते आणि त्यांच्यासाठी नवी भाषा हवी होती. ती हेन्रिक रिडबर्ग यांनी मांडली व जून २००९ मध्ये कर्नेलच्या २.६.३० या आवृत्तीत ती दाखल झाली. तिच्या पहिल्या प्रकारात सर्व स्पर्शांची स्थाने निनावी स्वरूपात येत आणि मघाचे बोट कोणते, आताचे कोणते, हा हिशेब वरच्या प्रोग्रामने करायचा असे. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बोटाला कर्नेलच एक खण आणि एक क्रमांक देऊ लागला.

भाषा ठरली तरी बोलणारे एकाच वळणाचे नव्हते. यूएसबीवरील अशी उपकरणे 'एचआयडी' या मानकाप्रमाणे आपले वर्णन स्वतःच कर्नेलला देतात. पण एखादा पडदा बोट उचलल्याची खबर स्पष्टपणे देई, तर दुसरा त्या बोटाचा उल्लेख नुसता थांबवी आणि त्यावरून समजून घ्यायचे असे. तूलूझ येथील नागरी विमानवाहतुकीच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत स्तेफान शाती आणि बेंजामिन तिस्वार यांनी अशा पडद्यांवर काम केले. विमानोड्डाणाच्या शिक्षणसंस्थेने लॅपटॉपच्या पडद्यांची काळजी वाहावी हे वरवर विचित्र वाटते, परंतु हवाई वाहतूक नियंत्रकांच्या कामात पडद्याशी होणारा व्यवहार हा संशोधनाचा गंभीर विषय असतो. प्रत्येक कंपनीसाठी निराळा ड्रायव्हर लिहिण्याची रीत सोडून, सर्वांसाठी एकच ड्रायव्हर आणि त्यात उपकरणांच्या खोडींची वर्गवार यादी, ही रचना २०११ मध्ये २.६.३८ या आवृत्तीत आली. इतर अनेक ड्रायव्हर पुढे तीत विलीन झाले. एन-ट्रिगचा मात्र वेगळाच राहिला.

एक्स विंडो सिस्टीमची अडचण अधिक खोल होती, कारण १९८४ पासून तिच्या रचनेत एका बैठकीला एकच पॉइंटर गृहीत धरला होता. पीटर हटरर यांनी अनेक पॉइंटरांची सोय केली आणि ती २००९ मध्ये इनपुट-विस्ताराच्या नव्या आवृत्तीतून प्रचारात आली. प्रत्यक्ष बहुस्पर्श मात्र मार्च २०१२ मधील एक्सच्या मुख्य प्रोग्रामच्या, म्हणजे सर्व्हरच्या, १.१२ या आवृत्तीपर्यंत रखडला. कळीचा प्रश्न मालकीचा होता: तीन बोटांची हालचाल खिडक्या हलवणाऱ्या प्रोग्रामसाठी आहे की खालच्या खिडकीतील नकाशासाठी, हे बोटे टेकताक्षणी कळत नाही. म्हणून स्पर्शाची खबर एकाहून अधिक प्रोग्रामांना द्यायची, पण मालक एकालाच मानायचे, आणि त्याने नकार दिला की हक्क पुढच्याकडे सरकवायचा, अशी तरतूद करावी लागली. ती चतुर आहे. सोपी मात्र नाही.

याच काळात बाहेरचा मॉनिटर जोडला की लॅपटॉपच्या पडद्याची पूर्ण रुंदी दोन्ही पडद्यांवर मिळून पसरे, आणि दोन्ही सारख्याच रुंदीचे असतील तर मधोमध टेकलेले बोट दोहोंच्या सीमेवर उमटे. त्यावर उपाय म्हणजे नऊ संख्यांची सारणी, जी स्पर्शाचे स्थान गुणून योग्य जागी आणते. 'एक्सइनपुट' या आज्ञेने ती बसवता येई, मात्र ती कधी बदलायची हे वापरणाऱ्यालाच लक्षात ठेवावे लागे. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये पडदे आणि स्पर्श या दोहोंचा कारभार एकाच प्रोग्रामकडे असल्याने ही कटकट बरीच कमी झाली.

विशेष म्हणजे लिनक्सचे काम हलके करण्यात मायक्रोसॉफ्टचाही वाटा आहे. २०१२ च्या विंडोज ८ साठी प्रमाणित पडद्याने किमान ५ बोटे ओळखावीत आणि ठरावीक रीतीने बोलावे, अशी अट होती. त्या प्रमाणपत्राची खूण उपकरणाच्या वर्णनातच असल्याने लिनक्स कर्नेलही ती पाहून खोडींच्या यादीविनाच पडदा चालवू लागला.

स्वस्त टॅब्लेटांपर्यंत ही शिस्त पोहोचली नाही. सिलीड कंपनीच्या चिपला सुरू होताच फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारा प्रोग्राम, पुरवावा लागतो; तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. हान्स द खूद यांनी अशा मॉडेलांच्या पडद्यांची मापे आणि दिशा कर्नेलमधील यादीत जमा करत नेली. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या २०१५ च्या 'सरफेस प्रो ४' मध्ये तर पडदा बोटाचे तयार स्थान न देता विद्युतधारकतेचे कच्चे आकडे पाठवतो; बोट कुठे आहे हे संगणकानेच शोधायचे. त्यासाठी मुख्य कर्नेलबाहेर स्वयंसेवकांनी तयार केलेला कर्नेल आणि पार्श्वभूमीत चालणारा एक स्वतंत्र प्रोग्राम बसवावा लागला, आणि हे दोन्ही बसवण्याचे काम पुन्हा वापरणाऱ्याकडेच आले.