माशीला बुरशीपर्यंत आणायचं कसं?

मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात बंद केली, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ऐन हंगामात हापूस अडकला. कारण होतं फळमाशी. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, माशी मात्र बागेतच राहिली.

ही माशी फवारणीला दाद का देत नाही? मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गरात वाढते आणि तिथं औषध पोचत नाही. पूर्ण वाढलेली अळी जमिनीवर पडते, मातीत शिरते आणि तिथंच कोषात जाते. म्हणजे तिचा एक मुक्काम मातीत असतो. आणि कीटकांना मारणाऱ्या बुरशीचं घरही मातीतच आहे. आज आपण या बुरशीचा इतिहास पाहणार आहोत.

त्याची सुरुवात होते रेशमापासून. इटलीत रेशीमकिडे मरून पांढरे, चुन्यासारखे होत. अगोस्तिनो बास्सी यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून १८३५ मध्ये दाखवलं की हा रोग बुरशीमुळे होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. आपले शेतकरी दुकानातून ‘बिव्हेरिया बॅसियाना’ आणतात ना, त्यातलं ‘बॅसियाना’ म्हणजे हेच बास्सी.

बास्सींना किडा वाचवायचा होता. १८७९ मध्ये इल्या मेचनिकॉव यांनी उलटा विचार केला. ओडेसाच्या परिसरात धान्य खाणाऱ्या भुंगेऱ्यावर त्यांना हिरवी बुरशी सापडली, आजचं मेटॅरायझियम. हीच वाढवून शेतात टाकली तर? १८८४ मध्ये क्रासिलश्चिक यांनी युक्रेनमधल्या स्मेला इथं या बुरशीचे बीजाणू मोठ्या प्रमाणावर तयार केले आणि बीटवरच्या सोंड्यावर वापरून पाहिले.

मग अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात प्राध्यापक फ्रान्सिस स्नो यांनी ‘चिंच बग’ या ढेकणावर (आपल्या चिंचेशी याचा काही संबंध नाही!) मोहीम काढली. बुरशी लागलेले ढेकूण शेतकऱ्यांना वाटले. पाऊसपाणी झालं की ढेकूण मरत आणि कोरड्या वर्षी काहीच होत नसे. अखेर १९११ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की बुरशी शेतात आधीपासूनच असते, ओल मिळाली की ती आपणहून पसरते, आणि वाटल्याने विशेष फरक पडत नाही. विषय मागे पडला. पुढे डीडीटी आली आणि तो जवळजवळ विसरला गेला.

आता दुसरा धागा, आपल्या देशातला. बिहारमधल्या पुसा इथं हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. १९१२ मध्ये त्यांनी नोंदवलं की गवती तेलाच्या, म्हणजे सिट्रोनेलाच्या, वासाला फळमाश्यांचे नर झुंबड करतात. पुढे १९१५ मध्ये त्यांनी मिथाइल युजेनॉल ओळखलं. कोकणात आंब्याला टांगलेल्या सापळ्यात हाच वास असतो.

हे दोन धागे आफ्रिकेत एकत्र आले. २००३ मध्ये केनियात आशियातली फळमाशी आढळली आणि तिनं आंबा उत्पादकांना हैराण केलं. नैरोबीच्या ‘इसिपे’ संस्थेने मेटॅरायझियमचे वाण फळमाश्यांवर तपासले आणि ‘इसिपे ६९’ हा वाण बाजारातही आला. तो झाडाखालच्या मातीत मिसळतात, अळी उतरते तिथंच. शिवाय आमिषाच्या डब्यात बीजाणूंची पूड ठेवतात. माशी वासाने आत येते, अंगाला पूड लावून बाहेर उडते आणि मिलनात ती जोडीदारालाही लागते. बीजाणू कातडीवर रुजतो, आत शिरतो आणि काही दिवसांत माशी मरते.

या काही दिवसांतच खरी अडचण आहे. तोवर माशी अंडी घालू शकते. ऊन आणि कोरडी माती बुरशीला मानवत नाही. म्हणून पडकी फळं गोळा करणं, सापळे आणि बुरशी हे सगळं एकत्रच करावं लागतं. एकट्याच्या बागेत करूनही भागत नाही, कारण माशी बांध ओळखत नाही.

कॅन्ससमध्ये बुरशी कमजोर नव्हती. ती किड्यापर्यंत पोचवायची, तर किड्याची वाट आधी माहीत असावी लागते. ती कळायला आपल्याला शंभर वर्षं लागली.