घातलेलें शल्य, काढलेलें शल्य

शस्त्रक्रियेच्या विद्येला प्राचीन वैद्यांनीं शल्यतंत्र असें नांव दिलें. शल्य म्हणजे शरीरांत रुतून पीडा देणारी वस्तु. तें बाहेर काढणें हें वैद्याचें पहिलें काम. जबडा सांध्यांतून निखळला तर शेक देऊन तो जागीं बसवावा आणि पंचांगी नांवाचा बंध बांधावा, असें सुश्रुतसंहिता सांगते. अर्वाचीन काळीं मात्र वैद्यानें स्वतःच शरीरांत धातु घातला, आणि तो पुढें काढावा कीं ठेवावा, हा नवा प्रश्न निर्माण झाला.

१८८६ सालीं हॅम्बुर्ग येथील हान्समान यानें मोडलेलीं हाडें पट्टी व स्क्रू यांनीं जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. त्याच्या पट्टीचें एक टोंक वांकवून कातडीबाहेर ठेवलेलें असे. म्हणजे ती काढण्याची सोय घालतांनाच केलेली होती. लंडनचा आर्बथनॉट लेन पट्ट्या आंतच ठेवूं लागला. परंतु तें पोलाद शरीरांतील द्रवानें गंजे. १९३० नंतर कोबाल्ट व क्रोमियम यांचा न गंजणारा मिश्रधातु आला. १९५२ सालीं स्वीडनमध्यें ब्रॉनेमार्क यांना सशाच्या हाडांत बसविलेलें टिटॅनियम हाडाशीं एकजीव झालेलें आढळलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील मिशेले व शाँपी यांनीं जबड्यासाठीं लहान, पातळ पट्ट्यांची पद्धति रूढ केली. तेव्हांपासून ‘काढलीच पाहिजे’ हा दंडक सैल होऊन ‘त्रास नसेल तर राहूं द्यावी’ हें मत पुष्कळ ठिकाणीं मान्य झालें.

वांकडा जबडा सरळ करण्याचा इतिहास याला समांतर आहे. अमेरिकेंतील हलिहेन यानें १८४९ सालीं, भाजल्याच्या व्रणानें ओढला गेलेला एका तरुणीचा खालचा जबडा करवतीनें कापून बसविला. झुरिकच्या ओब्वेगेझर यांची रीत १९५७ सालीं इंग्रजी वाचकांपुढें आली. तींत जबड्याचें मागचें हाड आडवें न तोडतां जाडीमध्यें उभें चिरून दोन थर करतात व ते एकमेकांवरून सरकवून जबडा पुढें-मागें घेतात. याच हाडांतून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. म्हणून येथें चार केसांचेंही अंतर मोलाचें.

हे दोन्ही प्रवाह पनवेलसारख्या गांवीं एकत्र येतात. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यापासून हें मुंबई-पुणें वाटेवरील नाकें. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली, २०१६ सालीं महानगरपालिका. द्रुतगति मार्ग जवळच कळंबोलीस सुरू होतो, गोव्याचा महामार्ग येथूनच निघतो. रस्त्यावरील अपघातांत मोडणाऱ्या हाडांत जबड्याचें हाड नेहमींचें. महानगरपालिकेच्या हद्दींत कामोठें व खारघर येथें दंतमहाविद्यालयेंही आहेत.

अपघातानंतर पट्टी बसली, हाड सांधलें, पण दांतांवर दांत बसेनात, तर जबडा पुन्हां कापावा लागतो. जुनी पट्टी अक्कलदाढेपाशीं, जबड्याच्या कोनावर असेल, तर ती नव्या छेदाच्या वाटेंतच येते. तिच्यावर हाड वाढलेलें असतें, स्क्रूची खांच झिजलेली असते, आणि धातूमुळें क्ष-किरणांच्या चित्रांत छाया पडून नस नीट दिसत नाहीं. कांहीं शस्त्रवैद्य पट्टी कांहीं महिने आधीं काढतात; मध्यंतरीं स्क्रूचीं भोंकें हाडानें भरून येतात आणि दुसऱ्या वेळीं हाड भलतीकडे तडकण्याचें भय कमी होतें. कांहीं जण दोन्ही कामें एकाच बैठकींत उरकतात. रोग्याची एक भूल व एक जखम वांचते. पट्टी छेदापासून दूर व निरुपद्रवी असेल तर तिला हात न लावणेंही युक्त ठरतें. पट्टीभोंवतीं पू झाला असेल, तर मात्र ती आधीं काढून जखम भरूं देणें श्रेयस्कर.

निर्णय शस्त्रवैद्याचा खरा, परंतु त्याचें एक साधन रोग्याच्या घरींच असतें. प्रत्येक बनावटीच्या स्क्रूची खांच निराळी व तिला लागणारा पेंचकसही निराळा. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद व पट्टीच्या बनावटीचें नांव ज्यानें जपून ठेवलें, त्याचें शल्य काढणें पुष्कळच सुकर होतें.