मंदवेगातील एंजिनाची अडखळ व तिचे निदान

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचे एंजिन मंदवेगातून गती घेत असता, म्हणजे सामान्यतः मिनिटाला 800 ते 2,000 फेऱ्यांच्या दरम्यान, एकसारखे न ओढता धक्के देऊ लागले, पाय दाबताच क्षणभर दबून मग उसळू लागले, किंवा एखाद्या सिलिंडराने काम सोडावे तसे थरथरू लागले, म्हणजे ही अडखळ उपस्थित झाली असे समजतात. ‘गाडी मिसिंग करते’, ‘पिकअप घेत नाही’, ‘झटके मारते’ अशा शब्दांत मालक आपली फिर्याद मिस्त्रीपुढे मांडतो. ती ऐकताच बॉनेट उघडून प्लग बदलण्याचा हुकूम सोडणारे मिस्त्री पुष्कळ आहेत; तथापि दोष गार एंजिनात होतो की तापलेल्या, सपाटीवर की चढावर, पाय हळू दाबल्यावर की एकदम, याची जबानी आधी पुरतेपणी घेतली, तर निम्मा तपास हत्यार हाती धरण्यापूर्वीच उरकतो.

प्रारंभी एक खातरजमा अवश्य करावी. मोटार उभी ठेवून, गिअर न टाकता, एंजिनाचा वेग सावकाश वाढवावा. तो सुरळीत वाढत असेल आणि क्लच सोडतानाच गाडी थरथरत असेल, तर दोष बहुधा क्लचच्या प्लेटमध्ये किंवा एंजिनाच्या फाटलेल्या रबरी माउंटिंगमध्ये असतो. चढावर वा भार पडल्यावरच प्रकटणारा ठिणगीचा दोष मात्र या परीक्षेत निसटू शकतो, हे ध्यानी असावे.

मंदवेगीच अडखळणारी आणि ताशी 60 किलोमीटरांवर निर्दोष धावणारी मोटार मालकास कोड्यात टाकते खरी, परंतु निदान करणाऱ्याच्या दृष्टीने हा वेगाचा भेदच सर्वांत बोलका पुरावा होय. एक किलो पेट्रोलाचे पूर्ण ज्वलन होण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. मंदवेगी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्यामुळे आत जाणारी हवा अत्यल्प, तिच्याबरोबर जाणारे पेट्रोल त्याहूनही अल्प, आणि मॅनिफोल्डमधील निर्वात मात्र तीव्र असतो. अशा स्थितीत एखाद्या फटीतून चोरट्या वाटेने शिरलेली किंचित हवा मिश्रणाचे प्रमाण पार बिघडवून टाकते. तीच फट झडप पुरती उघडल्यावर राहतेच, परंतु आता निर्वात ओसरलेला आणि हवेचा मुख्य प्रवाह अनेकपट वाढलेला असल्याने तिचा अंमल नगण्य होतो. उलटपक्षी पेट्रोलचा पंप दुर्बल झाला किंवा गाळणी तुंबली, तर टंचाई प्रथम अतिवेगी भासते. म्हणून मंदवेगाच्या तक्रारीवर पंप बदलणे हा बहुधा द्रव्याचा अपव्यय ठरतो.

फवाऱ्याचा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाख याने 1893 मध्ये सिद्ध केला. पुढे त्यात स्लो जेट, मेन जेट व अ‍ॅक्सिलरेटर पंप अशी कामाची वाटणी झाली, आणि प्रस्तुत विकाराचे मूळ पुष्कळदा या वाटणीच्या सांध्यातच सापडते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी, जिचे 1,089 घनसेंटिमीटरांचे चार सिलिंडरी एंजिन शहराच्या टॅक्सीवाल्यांनी काही दशके राबविले व जिची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून निवृत्त झाली, ती या अभ्यासास उत्तम उदाहरण आहे, कारण दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरात रखडणाऱ्या गाडीचा बहुतेक कारभार स्लो जेटवरच चाले. या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. टाकीतील गंजाचा एक कण त्यास पुरे होतो. थ्रॉटलच्या कडेलगत असणारी बारीक संक्रमण-छिद्रे तुंबली, तर एंजिन स्थिर उभे असता ठीक चालते, पाय किंचित दाबताच अडखळते आणि मेन जेटचा प्रवाह सुरू होताच पूर्ववत होते. ही छिद्रे तारेने कोरू नयेत. तारेने त्यांचा व्यास वाढतो व मग दोष कायमचा होतो. पेट्रोलाने धुऊन दाबाच्या हवेने ती मोकळी करावीत.

पाय एकदम दाबल्यावरच क्षणभर एंजिन दबत असेल, तर संशय अ‍ॅक्सिलरेटर पंपावर घ्यावा. हवा हलकी असल्याने झडप उघडताच धावते, पेट्रोल जड असल्याने मागे रेंगाळते, आणि ही तफावत भरून काढण्यासाठी पंपाने पेट्रोलाची पिचकारी मारावयाची असते. एंजिन बंद व गार असता एअर फिल्टर काढून थ्रॉटल हाताने उघडावा: कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलाची ठळक धार दिसली नाही, तर पंपाचा पडदा फाटला आहे, किंवा त्याची झडप वा नोझल तुंबली आहे.

चोरटी हवा बहुधा कार्ब्युरेटरच्या बुडाच्या गॅस्केटमधून, थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यालगत अथवा ब्रेकच्या सर्व्होकडे जाणाऱ्या, भेगाळलेल्या रबरी नळीतून शिरते. एंजिन मंद चालत असता सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. ज्या जागी पाणी पडताच एंजिनाचा सूर बदलतो, ती फट होय. या कामी पेट्रोल वापरण्याची चाल आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ती आगीस आमंत्रण देते. निर्वातमापक उपलब्ध असल्यास तो अधिक विश्वसनीय साक्ष देतो. समुद्रसपाटीस धडधाकट एंजिनाचा काटा पाऱ्याच्या सुमारे 43 ते 53 सेंटिमीटरांवर स्थिर राहतो. तो स्थिर पण उतरलेला असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, आणि ठराविक अंतराने झटकन खाली येत असेल तर एखादी झडप नीट बसत नाही, असे अनुमान करावे. महाबळेश्वरास, म्हणजे सुमारे 1,370 मीटर उंचीवर, हाच काटा निरोगी गाडीतही 11 सेंटिमीटरांच्या आसपास कमी दाखवितो, हे ध्यानी न घेतल्यास चांगल्या एंजिनावर नाहक आरोप येतो.

ठिणगीच्या दोषाची ओळख भारावर होते. वरच्या गिअरात, कमी वेगावर, चढाव घेताना थ्रॉटल बराच उघडलेला असतो, सिलिंडरातील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टता लागते. रुंदावलेली प्लगची फट, तडकलेली डिस्ट्रिब्यूटर कॅप, मुरलेल्या वायरी यांचे दौर्बल्य तेव्हा उघडे पडते. डिस्ट्रिब्यूटरातील पॉइंटांची फट साधारणपणे 0.4 ते 0.5 मिलिमीटर असावी व ती फीलर गेजनेच मोजावी. एक दोष मात्र भल्याभल्यांना चकवतो. ज्या डिस्ट्रिब्यूटरास निर्वात-पडदा असतो, त्यात वेग घेताना पॉइंटांची प्लेट किंचित फिरते, आणि तिच्याकडे जाणारी बारीक तार वेष्टणाच्या आत तुटलेली असल्यास नेमक्या त्या क्षणी प्रवाह खंडित होतो. गाडी उभी असता तार जोडलेलीच असते, म्हणून तपासणीत काहीच आढळत नाही. पडद्याची नळी तोंडाने ओढून प्लेट हलविली की हा दोष उघडकीस येतो. नळी ओढता निर्वात टिकला नाही, तर पडदाच फाटलेला असून तो स्वतःच हवेच्या चोरीची वाट बनला आहे.

दाबाची गळती मंदवेगी अधिक जाणवते, कारण वायूस निसटण्यास वेळ मिळतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी भरला, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट गेले असे समजावे. एकाचाच कमी असून त्या सिलिंडरात चमचाभर तेल घातल्यावर वाढला तर रिंगा, न वाढला तर झडपा.

बॉश कंपनीने 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारींत विद्युत्-नियंत्रित इंधन-क्षेपण आणले, आणि भारतात 2000 नंतर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने हद्दपार झाला. क्षेपण-पद्धतीच्या एंजिनात काजळलेली थ्रॉटल बॉडी, उघडी अडकलेली एक्झॉस्ट-पुनरभिसरणाची झडप, तुंबलेला इंजेक्टर व सदोष कॉइल हे मुख्य संशयित होत. नियंत्रकाच्या दप्तरी दोषाची नोंद सांकेतिक अंकांत होते: पी 0300 म्हणजे अनेक सिलिंडरांतील अपज्वलन, पी 0171 म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. ही नोंद लक्षणाचीच असते; पी 0171 वाचून लागलीच ऑक्सिजन सेन्सर बदलणारा मनुष्य फाटलेली नळी जागेवरच ठेवतो. जुन्या गाडीत एकेका प्लगची वायर क्षणभर काढून कोणत्या सिलिंडराने सूर बदलत नाही हे पाहण्याची रीत निर्धास्तपणे चाले. क्षेपण-पद्धतीच्या एंजिनावर ती करू नये, कारण त्यायोगे कॉइलला इजा होते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो. अशा गाडीत संशयित सिलिंडराची कॉइल शेजारच्या सिलिंडरावर बसवून अपज्वलनाची नोंद तिच्यामागे जाते की जागीच राहते, एवढे पाहावे.