न बोलणाऱ्या मुलांचे नकाशे

१/४ सन १९६९. दक्षिण फ्रान्समधील सेवेनचा डोंगराळ प्रदेश. फर्नां देलिन्यी यांनी उभारलेल्या छोट्या वस्त्यांत स्वमग्न मुले राहत. त्यांतील अनेक बोलत नसत.

२/४ त्यांच्यासोबत राहणारे लोक तज्ज्ञ नव्हते. त्यांत कामगार होते, शेतकरीही होते. मुलांच्या वागण्याचा अर्थ लावण्याऐवजी त्यांच्या वाटा रेखाटाव्यात, असे देलिन्यींनी सुचवले.

३/४ मोठ्यांच्या वाटांच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून मुलांची भ्रमंती उतरवली जाई. निरुद्देश भासणारी पावले ठरावीक ठिकाणी, कधी पाण्यापाशी, पुन्हा परतत असल्याचे त्यातून दिसे.

४/४ जे बोलत वा लिहीत नाहीत, त्यांच्याविषयी इतिहासाच्या हाती सहसा इतरांनी दिलेली निदाने उरतात. हे नकाशेही इतरांनीच काढले. परंतु त्यांत निदान नाही, मुलांची पावले आहेत.